गादीत शिवलेलं घर

आमच्या साताऱ्याच्या घराचं मूळ खरेदीखत मी एका गादीत शिवलं आणि ती गादी महाबळेश्वरच्या एका हॉटेलाला विकली. नुसतं खतच नाही. अम्मीची ताटं, अब्बांचे बाहेर जायचे कपडे, काचेचे कप, लाटणं, चहाची गाळणी, माझं दहावीचं प्रमाणपत्र, असं जवळजवळ अख्खं घर कापसात घालून, दाभणानं टाके मारून मी परक्या लोकांच्या पाठीखाली अंथरलं. हे मी वेंधळेपणानं केलं असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. वेंधळ्या माणसाच्या हातून एवढी मोठी चूक होत नाही. तिला नीटनेटकं डोकं लागतं, आणि त्या वयात माझ्याइतकं नीटनेटकं डोकं सातारा जिल्ह्यात दुसरं नाही अशी माझी पक्की खात्री होती.

हे आत्ता आठवायचं कारण माझी नात आफरीन. पुण्यातला फ्लॅट विकायचा, सामान बेंगळुरूला हलवायचं आणि मधल्या दिवसांत नवऱ्याबरोबर हिमाचलला जाऊन यायचं, असा तिचा सध्या घाट चाललाय. सगळं फोनमध्ये आहे. हिरवा चौकोन म्हणजे झालं, पिवळा म्हणजे चाललंय, लाल म्हणजे बोंब. परवा फोन माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "नानी, तुमच्या वेळी हे काहीच नव्हतं. मग कसं जमवायचात?" मी म्हटलं, आमच्याकडे दोरे होते. ती हसली. म्हातारी काहीतरी ठोकून देतेय असं तिला वाटलं. तेव्हा ठरवलं, हे एकदा लिहूनच काढावं. लाल चौकोन तिला कुणाकडून आला ते तरी कळेल.

आम्ही पिंजारी. लोकांचा दबलेला कापूस पिंजायचा, गाद्या-उशा-दुलया भरायच्या, हा अब्बांचा धंदा. पुढच्या खोलीत छताला पिंजण टांगलेलं असे, धनुष्यासारखं, माणसाहून उंच. त्याच्या तातेवर, म्हणजे आतड्याच्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी मुठीचा ठोका पडला की आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मला झोपेतून उठवायला कधी कुणी हाक मारली नाही; पहिला ठोका पडला की उठायचं. तात थांबली म्हणजे एकतर गिऱ्हाईक आलं, नाहीतर चहा झाला. कापूस सगळीकडे असायचा. डाळीत, लसणाच्या चटणीवर, अब्बांच्या भुवयांत. अम्मी जेवायला वाढताना आधी ताटावर फुंकर मारायची आणि मग भाकरी ठेवायची. म्हातारपणी ती माझ्याकडे राहायला आली, माझ्या घरात कापसाचा कणही नव्हता, तरी ती ताटावर फुंकर मारायचीच. माझे जावई बिचारे घाबरायचे, त्यांना वाटायचं सासूबाईंची आई काही मंत्र घालते. घरात आम्ही दोन भाषा एकाच ताटात वाढून घ्यायचो. लाड करताना आमची घरची हिंदी, आणि हिशेबाचं, भांडणाचं किंवा पक्कं काही सांगायचं असलं की अब्बा गिऱ्हाइकाशी बोलत तसं मराठी बोलत. म्हणून त्यांची मराठी कानावर आली की मी आधी उठून उभी राहायची.

त्या उन्हाळ्यात तात फार वेळा थांबायला लागली. बाजारात फोमच्या गाद्या आल्या होत्या आणि कापूस पिंजायचं विजेचं मशीन माझ्या सांगलीच्या मामूनं घेतलं होतं. मामू म्हणाला, इकडं या, दुकानात भागीदारी घ्या. भागीदारीला पैसे हवेत, पैशाला घर विकायला हवं. तसं ठरलं, आणि ठरल्या दिवसापासून घराला जशी खाज सुटली. कुणी एका जागी बसेना. अब्बा मूठ हातात घ्यायचे, दोन ठोके मारायचे, की उठून दारात. अम्मी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घ्यायची. शेजारणी यायच्या, उभ्या उभ्या बोलायच्या, बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत, कारण जाणाऱ्या माणसाच्या घरात बसणं त्यांनाही जड जायचं. मी तर रात्री कुशीवरून कुशीवर. माझ्या डोक्यात सांगलीचं कॉलेज होतं.

ते कॉलेज मी पाहिलेलं नव्हतं. मामूच्या मुलीनं सांगितलं होतं की तिथं मुली इंग्रजीत तास करतात आणि मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये चहा पितात. मला इंग्रजीपेक्षा त्या चहाचं आकर्षण जास्त असावं असा आता माझा संशय आहे, पण तेव्हा मी अब्बांसमोर इंग्रजीचंच नाव काढलं. अब्बांनी खूप वेळ कापूस चाचपला. मग मराठीत म्हणाले, "घर हलवायचं काम तुज्याकडं. एक चमचा न हरवता सांगलीला पोचव, कालिजात घालतो. न्हाईतर मामूच्या दुकानात हाईत उशा शिवायला." मी उठून उभी होतेच. तिथल्या तिथं सगळं माझ्या हातात घेतलं.

घर घेणार होते ते दहिवडीकडचे एक सुभेदार, फौजेतून रजेवर आलेले. त्यांच्या गावी पाऊस नाही, पाणी नाही, बायको-पोरं म्हाताऱ्यांबरोबर मेंढरांच्या मागं. पोरांना साताऱ्याच्या शाळेत घालायचं म्हणून घर. ते रोज सकाळी यायचे, भिंतीवर थाप मारून बघायचे, जणू भिंत रात्रीतून पळून जाईल, आणि चहा उभ्यानंच प्यायचे. "आवं पिंजारीमामा, शनवारी माजी गाडी हाय," ते म्हणायचे. "त्याआदी कागद झाला तर झाला. न्हाईतर पुडल्या रजेपतोर पोरं मेंढरामागंच. शाळा काय कुनासाटी थांबत न्हाई." शुक्रवारी रजिस्टर कचेरीत जायचं नक्की झालं. रविवारी मामूचा ट्रक येणार. आणि या दोन दिवसांच्या मधे मी एक बेत घुसडला होता: शनिवारी महाबळेश्वर. अम्मीचा जन्म साताऱ्यातला, पण महाबळेश्वर तिनं पाहिलं नव्हतं. आमच्याकडचं कुणीच जात नसे, ते बाहेरच्यांनी बघायचं गाव. अब्बा म्हणाले, "ज्या हाटेलाला आपन गाद्या देतो तिथं पैसे देऊन बसायचं? लोक हसतील." अम्मीनं मात्र दुसऱ्या दिवशी ट्रंकेच्या तळातून एक स्वेटर काढून उन्हात घातला. मी समजले.

आता बांधाबांध. खोकी विकत घ्यायची तर पैसे. पोती बघितली तर त्यांतून काचा फुटणार. मी पिंजाऱ्याची पोरगी, मला सुचलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. सगळं सामान गाद्यांत शिवायचं! खोळ शिवायची, तळाला कापसाचा थर, मधे कप, पातेली, कपडे, वर पुन्हा कापूस, आणि आरपार टाके. काही फुटणार नाही, काही सांडणार नाही, ट्रकमध्ये एकावर एक रचता येणार, आणि सांगलीत पोचल्यावर कापूसही आपलाच. मी स्वतःवर इतकी खूश झाले की आरशात बघून आले. जुन्या खोळी संपल्या तेव्हा हॉटेलच्या गाद्यांसाठी आणलेलं निळ्या पट्ट्यांचं नवं कापड उरलं होतं, ते घेतलं. अम्मी म्हणाली, "अगं, हाटेलच्या गाद्या आन् आपल्या सारख्या दिसत्याल की." मी म्हटलं, दिसू देत, सगळं एकसारखं दिसलं म्हणजेच नीट. शिवाय ओळख पटवायला माझी पद्धत होती. स्वयंपाकघराला लाल दोऱ्याचे टाके, कपड्यांना हिरवे, महाबळेश्वरच्या कपड्यांना पिवळे, आणि कागदपत्रांच्या गादीला काळे. हॉटेलच्या गाद्यांना साधे पांढरे. ही पद्धत मी कुणालाही सांगितली नाही. सांगितली असती तर मला कुणी काही विचारायला आलं नसतं, आणि माझी सगळी मजा त्या विचारण्यात होती.

आफरीननं विचारलं, "मग चुकलं कुठं?" बाई गं, चुकलं ते झाडूत. मी हॉटेलच्या गाद्या खिडकीकडच्या भिंतीला रचल्या होत्या आणि आमच्या दाराकडच्या. बुधवारी सकाळी अम्मीला वाटलं, घर दुसऱ्याला द्यायचं तर कोपरे झाडून द्यावेत. तिनं इकडची चळत तिकडं केली, तिकडची इकडं, झाडलं, आणि तिथंच ठेवलं. दुपारी हॉटेलचा माल पोचवणारा बाळू टेंपो घेऊन आला. अब्बा मशिदीत गेले होते, अम्मी शेजारी. मला त्याच वेळी कॉलेजच्या अर्जावर चिकटवायचा फोटो आणायचा होता, फोटोवाला दुपारचं दुकान बंद करतो, माझे पाय दारातच नाचत होते. मी एखाद्या कलेक्टरसारखा हात करून म्हटलं, "खिडकीकडच्या सगळ्या." बाळूनं पहिली उचलली आणि कण्हला. "लय जड हाय की ओ ताई. काय हाय काय यात?" मी म्हटलं, "नवा कापूस जड असतो." आयुष्यात इतक्या ठामपणे मी इतकं खोटं दुसऱ्यांदा बोलले नसेन, आणि गंमत म्हणजे ते मला खरं वाटत होतं. दोऱ्यांकडे मी बघितलंसुद्धा नाही. अख्खी पद्धत शोधली मी, आणि ती न वापरणारी पहिली मीच. फोटो मात्र छान आला. त्यातली मुलगी फार हुशार दिसते.

शुक्रवारी सकाळी सुभेदार लवकर आले, इस्त्रीचे कपडे घालून. लेखनिकाला मूळ खत बघितल्याशिवाय पुढचा कागद लिहायचा नव्हता. अब्बा म्हणाले, "आण बेटा, खत." मी कात्री घेऊन गेले. गेल्या गेल्या मला काळा दोरा दिसला नाही. लालही नाही. सगळीकडे पांढरा. मला आधी वाटलं उजेड कमी आहे. मग एक गादी फाडली. कापूस. दुसरी फाडली. स्वच्छ, पिंजलेला, हॉटेलवाल्यांसाठी अब्बांनी हातानं पिंजलेला कापूस. तिसरी मी अशी ओरबाडली की कापूस उडून पंख्याच्या वाऱ्यानं खोलीभर झाला. अब्बा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी एक गादी गुडघ्यानं दाबली, मग दुसरी. पिंजाऱ्याला गुडघ्यानं कळतं. ते तिथंच खाली बसले आणि कापसाचा एक पुंजका बोटांनी सोडवत राहिले. सुभेदार बाहेरून म्हणाले, "मामा, उशीर व्हतुय." अम्मीनं मला एकच विचारलं, "माझं घर कुठाय?" मी म्हटलं, महाबळेश्वरला.

सुभेदारांना सांगितल्यावर ते भडकतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "मंग बसून काय व्हनार? गाडी काडा," म्हणाले. बाळूला बोलावून आणलं. त्याच्या टेंपोत हॉटेलच्या खऱ्या गाद्या चढल्या. पुढं बाळू, अब्बा आणि सुभेदार. मागं उघड्या हौद्यात, गाद्यांच्या ढिगावर, अम्मी आणि मी. मेढा ओलांडेपर्यंत आम्ही दोघी मी फाडलेल्या गाद्या शिवत होतो. टेंपो खड्ड्यात गेला की दाभण माझ्या बोटात, घाटाचं वळण आलं की अम्मी माझ्या अंगावर. मी रडत होते. माझं कॉलेज त्या दोऱ्याबरोबर सुटत चाललं होतं, चमच्याची बात सोडा, हरवलेल्या घरात मीच बसून होते. केळघरच्या घाटात हवा गार झाली. अम्मीनं शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, आणि काय करावं? गादीवर चक्क आडवी झाली. हात डोक्याखाली घेतले. माझ्या आईला दिवसा आडवं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. "स्वेटर पण हाटेलात गेलेल्या गादीतच गेला ना?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "जाऊ दे," ती म्हणाली. "वारा चांगला आहे."

हॉटेल सीझनमुळे भरलेलं. व्हरांड्यात पाहुण्यांचे ओले टॉवेल, कुणाची पोरं कणसं खातायत, लाल मातीनं सगळ्यांचे पाय रंगलेले. मॅनेजर जाड चष्म्याचे, वैतागलेले. अब्बांना बघताच म्हणाले, "बरं झालं आलात, मी माणूस पाठवणारच होतो. कसल्या गाद्या भरल्यात? कोपऱ्यातल्या खोलीतल्या पाहुण्याच्या पाठीत रात्रभर काहीतरी टोचत होतं." अब्बा एवढे मोठे कारागीर, पण दुसऱ्याच्या दारात त्यांना शब्द सुचायचा नाही. त्यांनी नुसते हात जोडले. ते जोडलेले हात बघवेनात म्हणून मी पुढं झाले. हॉटेलचा मॅनेजर म्हणजे इंग्रजीच हवं अशी माझी समजूत. छाती भरून म्हटलं, "सर, अवर हाऊस इज इन युवर मॅट्रेस."

मॅनेजरनी माझ्याकडे बघितलं, मग अब्बांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "मराठीत बोल गं बाई," म्हणाले. "मी वाईचा आहे."

मराठीत सगळं सांगितलं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "म्हणजे माझे पाहुणे तुमच्या भांड्यांवर झोपलेत?"

"सगळे नाहीत," मी म्हटलं. "काही कपड्यांवर आहेत. त्यांची तक्रार नसेल."

त्यांना हसू येत होतं, पण ते मॅनेजर होते. भर सीझनमध्ये पाहुण्यांना उठवून गाद्या उसकटल्या तर हॉटेलचं नाव जाईल, सोमवारी या, असं म्हणाले. सोमवारपर्यंत सुभेदार कुठल्या कुठं गेलेले असणार. सुभेदार घड्याळाकडे बघत व्हरांड्यात कवायतीसारखे इकडून तिकडं. तेव्हा अम्मी, जी परक्या पुरुषासमोर आवाज काढत नसे, ती माझ्या मागून म्हणाली, "नाव कशाला जातंय साहेब? सांगा की, आमच्या हाटेलात नव्या गादीवर पिंजाऱ्याचा हात फिरवून घेतो. दुसऱ्या कुठल्या हाटेलात घेत्यात?" अब्बांनी वळून तिच्याकडे बघितलं, जणू ही बाई त्यांच्या घरात कधी राहायला आली ते त्यांना आठवत नव्हतं. मॅनेजरनी चष्मा पुन्हा घातला. त्यांना ते आवडलं. "लवकर आटपा," म्हणाले, आणि स्वतःच पहिलं दार वाजवलं.

मग आमची वरात खोलीखोलीतून. पुढं मॅनेजर, "हात फिरवायला आलेत" म्हणत; मागं अब्बा, गुडघ्यानं दाबून बघत; मी टाके शोधत; बाळू खरी गादी डोक्यावर घेऊन. आता माझे दोरे कामाला आले. फाडायची गरजच नव्हती, लाल दिसला की लाल बाहेर. टोचणारं लाटणं निघालं, पाहुण्याला सांगितलं की कापसात काडी राहिली होती. एका खोलीत मुंबईच्या एक जाड बाई होत्या, त्यांनी गादी द्यायलाच नकार दिला. "डॉक्टरांनी कडक गादीवर झोपायला सांगितलंय. इतकी वर्षं शोधतेय, अशी गादी मिळाली नाही." त्या अम्मीच्या ताटांवर झोपत होत्या. त्यांच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. ती ताटं पुढं बाळूनं सांगलीला आणून दिली, आणि त्या बाई दर सुट्टीला तसलीच गादी मागतात म्हणून मॅनेजरनी अब्बांकडे निरोपही धाडला. काळा दोरा मात्र सापडेना. शेवटी राहिली टोकाची खोली. तिथं नवं जोडपं होतं. मॅनेजर दार वाजवायला तयार नाहीत, अब्बांनी तर तोंडच दुसरीकडं केलं. सुभेदार म्हणाले, "दोन वाजाय आलं."

मी दार वाजवलं. ते किलकिलं झालं. आत माझ्याहून थोडीच मोठी मुलगी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. नवरा चणे आणायला गेला होता. हात फिरवायची गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून खरं तेच बाहेर पडलं. म्हटलं, ताई, तुमच्या गादीत आमच्या घराचे कागद आहेत, ते आज मिळाले नाहीत तर यांच्या पोरांची शाळा जाते आणि माझं कॉलेज. ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम फुटली. हसता हसता खाली बसली. "तरीच! कूस बदलली की कुरकुर वाजतंय! मी यांना म्हणते, उंदीर आहे. हे म्हणतात, थंडीनं गादी आकसते, महाबळेश्वरला असंच असतं." तिनं चादर ओढून काढली. काळे टाके. मी दाभण लावलं आणि तिनं दुसऱ्या टोकानं उसवायला घेतलं, बांगड्या मागं सारून. मेणकापडात गुंडाळलेलं खत निघालं, माझं प्रमाणपत्र निघालं, आणि अर्ज भरायला घेतलेलं माझं पेन. पेन तिनं ठेवून घेतलं. म्हणाली, आठवण म्हणून. चांगलं पेन होतं, अजून वाटतं, मागून घ्यायला हवं होतं.

उतरताना बाळूनं टेंपो पळवला. त्या शुक्रवारी अब्बांची जुम्म्याची नमाज चुकली, ती चुकलेली मला दुसरी आठवत नाही. सुभेदारांनी वळणावर टेंपो हळू झाला तेव्हा कुणा बाईकडून तुतीचा द्रोण घेतला आणि मागं अम्मीच्या हातात दिला. अम्मी जांभळ्या बोटांनी तुती खात उलट्या तोंडानं दरी बघत बसली. साताऱ्यात पोचलो तेव्हा लेखनिक पेटी बंद करत होता. सुभेदारांनी पेटीवर हात ठेवला. फौजी हात होता, पेटी उघडली. अब्बांच्या केसांत, दाढीत, कोटाच्या खिशात कापूस. कचेरीतले साहेब दोनदा विचारते झाले, हे कुठून आले. सह्या झाल्या. बाहेर आल्यावर सुभेदारांनी माझ्याकडे बोट करून अब्बांना सांगितलं, "मामा, ह्या पोरीला दुश्मनाच्या सामानावर नेमाय पायजे. लढाईच करायला लागायची न्हाई." सगळे हसले. अब्बा हसले नाहीत. निदान मला तसं दिसलं.

सांगलीत मामूच्या दुकानामागं दोन खोल्या मिळाल्या. शेजारी हळदीची वखार, त्यामुळं आता कापसाऐवजी भाकरीला हळदीचा वास. विजेचं मशीन सकाळी सुरू झालं की दुपारपर्यंत एकच घरघर, तिच्यात ठोका नाही, थांबणं नाही, चहा झाल्याचं कळायचं नाही. मी गाद्या उसवत होते, सामान लावत होते. दोन चमचे नव्हते, कप फुटले होते आणि एका पातेल्याचं झाकण कुणाच्या पाठीखाली राहिलं ते अल्लाला माहीत. ठरल्याप्रमाणं मी न सांगताच दुकानात उशा शिवायला बसले. शिवताना पाय आपोआप हलायचा. मामू म्हणायचा, "ही पोर बसल्या जागी चालतेय." कॉलेजचे अर्ज घ्यायचे दिवस संपत आले. अब्बा त्याबद्दल काही काढेनात आणि मला काढायचं तोंड नव्हतं. एकदा पडद्यामागून ऐकलं, ते मामूला सांगत होते की आमची पोर हाटेलच्या मॅनेजरशी तोंडावर विंग्रजीत बोलली. मॅनेजरनी काय उत्तर दिलं ते मात्र त्यांनी गाळलं. मला वाटलं पुढं काही बोलतील. ते कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागले.

शेवटच्या दिवशी सकाळी मी सुई ओवत होते. अब्बा बाहेर जायचे कपडे घालून समोर आले. हातात माझं प्रमाणपत्र, घडीत अजून थोडा कापूस अडकलेला. "ऊठ," म्हणाले. मी म्हटलं, "पण अब्बा, चमचे..." तेव्हा ते मराठीत बोलले आणि मी आधीच उभी होते.

"चमचं गेलं तर गेलं. तुला घर हलवाय सांगितलं हुतं, तू महाबळेश्वर हलवून आलीस. चल कालिजात. तुला घरात ठिवनं आमाला परवडायचं न्हाई."